मंगलगाथा म्हणणारी मुलगी

आबा, काल आळे गावात मी लग्न लावलं. तुमच्यासारखाच पांढरा पोशाख घालून, नवरा-नवरीसमोर उभी राहून, त्रिसरण-पंचशीलापासून मंगलगाथेपर्यंत सगळं म्हटलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि पहिलं तोंड तुमचंच डोळ्यांपुढं आलं.

त्रिसरण मी स्वयंपाकघरात शिकले. पिंपळवंडीच्या घरात आई भाकऱ्या थापायची, तुम्ही चुलीजवळ बसून एकेक ओळ म्हणायचा आणि मी मागून म्हणायचे. उच्चार चुकला की तुम्ही घास हातात तसाच धरून थांबायचा. गावोगावी लग्नं लावायला जाताना मला बरोबर न्यायचा. मेणबत्त्या लावायच्या, फुलं मांडायची, गाथांना आवाज द्यायचा, एवढं माझं काम. म्हणून विधी शिकवायचं शिबिर निघालं तेव्हा मी विहारातल्या बैठकीत उठून सांगितलं, मला जायचंय. मग एक काका म्हणाले, "बाईमाणसाच्या अडचणी असत्यात. मंगलकार्यात ते बरं दिसत न्हाई." मी तुमच्याकडं पाहत होते. तुम्ही सतरंजीकडं बघत म्हणालात, "माजी पोरगी न्हाई जायची."

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं आणि बाजूला बसली. ती तुम्हाला उलटून बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "देवळाच्या पायरीवरनं मला हाकललं व्हतं, तवा बी इटाळच म्हनले व्हते," ती म्हणाली. "त्यो सोडायचा म्हनून धर्म बदलला ना आपण? मग आज विहारात कुनी आणला?" तुम्ही जेवलात, हात धुतलात आणि ओट्यावर जाऊन बसलात.

पुढच्याच उन्हाळ्यात तुमचा घसा बसला. निरगुडसरचं लग्न आधीच ठरलेलं होतं. मांडवात तुम्ही खुर्चीत बसलात आणि मला खुणेनं पुढं बोलावलंत. मी सगळा विधी म्हटला, तुमचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. नवऱ्याच्या मामानं विचारलं, "आबा, पोरगी लगीन लावती व्हय?" तुम्ही घोगऱ्या आवाजात म्हणालात, "आवाज तिचा हाय. लगीन मीच लावतोय." लोक हसले, मीही हसले. घरी येताना एसटीत मात्र खिडकीबाहेरच बघत राहिले. तुमचा घसा परत मोकळा झालाच नाही. पावसाळा संपता संपता तुम्ही गेलात, आणि मांडवातलं ते वाक्य तुम्ही मला पुढं करण्यासाठी बोललात की मागं ठेवण्यासाठी, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढं बरीच वर्षं मी फक्त वंदनेला जात राहिले. मग वस्तीतल्या बायकाच म्हणाल्या, आता तू शिबिराला जा, तुज्या पोरांचं आमी बघतो. गेले, शिकून आले. काल मांडवात नवऱ्याचा चुलता म्हणाला, "दुसरं कुनी मिळालं नाय का?" नवरी मुंडावळ्या सावरत म्हणाली, "काका, मीच सांगितलंय ताईंना. तुमी बसा." तो थोडा घुटमळला आणि बसला. मी सुरुवात केली. पाठोपाठ मांडव म्हणू लागला आणि सुरुवातीला थरथरणारा माझा आवाज कधी स्थिर झाला ते कळलंच नाही. निघताना तोच चुलता हात जोडून म्हणाला, "माज्या धाकटीचं लगीन हाय दिवाळीनंतर. तवाबी या."

आई आता थकलीय. ऐकून एवढंच म्हणाली, "झालं ना? बरं झालं." मीही काल रात्री शांत झोपले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी करून उशीखाली ठेवतेय. एकच सांगायचं होतं. इतकी वर्षं वाटायचं, निरगुडसरच्या त्या मांडवात तुमचा होकार मिळाला होता की नाही, हे कळल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. काल पूर्ण विधी झाला, फुलं पडली, पंगतीत पान वाढलं गेलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आबा, की तेवढ्या वेळात मला तुमची एकदाही आठवण झाली नव्हती.