तिरक्या पट्ट्याचा पतंग

७ जून
डेल्मर सकाळीच कुंपणापाशी ओरडत आला — "ताई, तुझे गुलाब उपटणार! माझ्या सफरचंदांवरच्या अळ्या इथूनच येतात!" सख्खा धाकटा भाऊ! आणि आईने लावलेले गुलाब! आमच्या या याकिमा खोऱ्यात बाकीची भावंडं पाटाच्या पाण्यावरून भांडतात, आम्ही अळ्यांवरून.
अळ्या आहेत, खरंय. पानं गुंडाळून आत बसतात. पण कुठल्या? एक बारका पतंग गुलाबावर जगतो, सफरचंदाकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसरा तिरक्या पट्ट्याचा — त्याच्या अळ्या फळं कुरतडतात. नुसत्या अळीवरून मला ओळखता येत नाही. एक गुंडाळलेलं पान बरणीत ठेवलंय. पतंग निघाला की कळेल.

८ जून
डेल्मरला धीर कुठला! गुलाबात चिकट सापळा टांगून गेला. आत तिरक्या पट्ट्याच्या मादीच्या वासाची रबरी गोळी. वासावर नर धावतात. "दहा सापडले की ट्रॅक्टर आणतो."
अरे, नर तुझ्याच बागेतून येतील की!
त्याची पाठ वळताच गोळी काढून एप्रनच्या खिशात टाकली.

९ जून
सापळा रिकामा. गाणं म्हणत भांडी घासली.

१० जून
सापळ्यात बारा नर! गोळी नसताना!
म्हणजे या लबाडाने आपल्या बागेतले आणून चिकटवले. पण बोलू कशी? "गोळी नाही हे तुला कसं कळलं?" म्हणाला तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

११ जून
दिवेलागणीला ऐटीत पायरीवर येऊन बसला. माझ्याच चेरी खात म्हणाला, "उद्या ट्रॅक्टर." तेवढ्यात एक पतंग माझ्या खिशावर बसला. मग दुसरा. मग थवाच! झटकले तरी हटेनात.
"ताई, खिशात काय आहे गं?"
"सापळ्यात नव्हतं ते! मग तुझे बारा कशाच्या वासाने आले रे?"
कानापर्यंत लाल झाला. मग हसत सुटला. मीही — डोळ्यांत पाणी येईस्तोवर. जाताना म्हणाला, "राहू देत आईचे गुलाब." किती हलकं वाटलं!

१४ जून
बरणीत पतंग निघाला. भिंगातून पाहिला. तिरका पट्टा — रुंद, ठळक. डेल्मरचं खरं होतं.
पतंग कोंबडीला घातला. बरणी धुतली. उद्या तिच्यात चेरीचा मुरंबा भरून त्याला देईन.