बत्तीस चौकटींतलं चाक

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. दुसऱ्याचं चित्र आपल्यापेक्षा चांगलं आहे हे कळलं की पोटात नेमकं कुठे दुखतं? घरातली पहिली पदवीधर असूनही मला उत्तर येत नाही. तुमची पाठ कशी आहे? (मशीनवर वाकून बसू नका.)

आमच्या वर्गाला पाच मिनिटांचा सिनेमा करायचा आहे. त्याआधी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याचं एका चौकटीत चित्र. मी तुमचं शिलाईचं दुकान निवडलं. तुम्ही दिलेल्या खाकी कागदावर चाळीस चौकटी काढल्या. माणसं खिळ्यांसारखी आली. तुम्ही ओळखू यावेत म्हणून गळ्यात टेप घातली, तर सरांनी अगदी हळुवारपणे विचारलं की सातव्या चौकटीत साप चावतो का.

मग माझ्याच वर्णनावरून वर्गातल्या एका मुलीने (तिला सगळे पेन्सिल म्हणतात) तेच दुकान बत्तीस चौकटींत काढलं. तुमच्या पाठीमागून, खांद्यावरून. मामा, तुमचा चष्मासुद्धा तसाच, नाकावर घसरलेला. सर म्हणाले, हाच बोर्ड घेऊ, दिग्दर्शन तिचं, आणि तू तिची मदतनीस. माझ्या मामांच्या दुकानात मी मदतनीस!

तेवढ्यात मला दिसलं की शिलाई मशीनचं चाक, जे शिवणाऱ्याच्या उजवीकडे असतं, ते तुमच्या डाव्या हाताला आहे. बत्तीसच्या बत्तीस चौकटींत. पहिल्या दिवशी मीच वर्गात भाषण ठोकलं होतं की सिनेमात खोटं चालणार नाही. तरी चार दिवस गप्प बसले, आणि खरं सांगते, त्या चार दिवसांत झोप छान लागली. शूटिंगच्या दिवशी सगळ्यांदेखत तिची फजिती होईल, एवढं एकच दृश्य मी मनात रोज काढत होते, आणि ते मला फार सुंदर जमत होतं.

काल ती स्वतःच वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "तुझे मामा डावरे आहेत का गं? तू सांगितलंस तसंच काढलंय." वहीत माझेच शब्द होते: चाक डावीकडे. मामा, मी लहानपणापासून तुमच्या समोरच्या स्टुलावरच बसले. तिथून ते डावीकडेच दिसतं. चूक माझी निघाली. मी तिला सगळं सांगितलं, चार दिवसांचंही. ती रागावली नाही (हेही मला सहन झालं नाही). दुपारभर मी चाकं खोडत होते, ती उजवीकडे काढत होती.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. शनिवारी सकाळी आम्ही पाच जण येतो. तुमचा होकार मी सोमवारीच कळवून टाकलाय.

ता. क. २. तिच्या चित्रांचं कौतुक करा, पण तिला 'पोरी' म्हणू नका. आणि तेहतिसावी चौकट मी माझ्या हाताने वाढवली आहे: मशीनसमोर स्टूल, त्यावर दोन वेण्यांचा एक खिळा. शाईने काढलाय.