दुसरा घाव

एदिल्बेर्तो, माझ्या भावा,

हे तुला धाडणार नाही, म्हणूनच लिहिते.

तो हमिंगबर्ड दाखवायला मी परदेशी पाहुण्यांना वाटाडी म्हणून तीन दिवस डोंगर चढवत आणलं होतं. पाखरू फुलापाशी येऊन थरथरलं आणि तुझ्या गलोलीनं त्याचं डोकं फोडलं.

“याचं काळीज वाळवून निल्दाला चारलं की बायको मुकाट घरी येते बघ, ताई!” तू हसलास.

मी दगडानं तुझं मनगट ठेचलं. आईला सांगितलं, तू पाय घसरून पडलास.

पण गलोल पहिल्याच घावात हातातून पडली होती. “पुरे गं, ताई!” तू ओरडलास, तरी मी दुसरा घातला. बरं वाटलं मला. निल्दा तुझ्या घरातून पळाली, तेव्हा तिचा मोडलेला जबडा मीच बांधला होता.

तुझीच,
असुन्ता