ओट्यावरचा कट आणि माझा निकाल

ज्योत्स्ना, तुझी कंबर कशी आहे? भागवत, बीपीची गोळी नेमाने घेतोस ना? नानीबाई, मोतीबिंदू काढल्यावर आता नीट दिसतं का? जानराव, तुमचा गुडघा? माझं विचाराल तर डॉक्टर गोड बोलू लागलेत, म्हणून हा कागद.

मी, दौलतराव यशवंत गोटे, वय ८१, शिक्षण चौथी आणि पुढे रद्दीची पुस्तकं, राहणार किन्हीराजाजवळची वस्ती, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाविना लिहून ठेवतो की:

१. शेत आणि घर मुलगा भागवत याचे. बँकेतली ठेव मुलगी ज्योत्स्ना हिची. भागवतने तोंड वाकडं करू नये. दवाखान्यात उशाशी तीच होती.

२. माझी शिडी शेजारी उदयसिंग यांना. अकरा वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे. आता कायदेशीर झाली.

३. सोळा वर्षांपूर्वी याच उदयसिंगची कडब्याची गंजी वस्तीतल्या दोघांनी पेटवली. बेत ठरला जानरावांच्या ओट्यावर, चहा पिताना. जानराव तिथेच तुरीच्या शेंगा सोलत होते. निवाड्याला पंच तिघे: मी, नानीबाई आणि कै. रूपला. मी म्हणालो, ऐकून गप्प राहिला तो कटात सामील.

नानीबाई म्हणाल्या, “मंग मी बी रोज तिथंच बसतो. मले बी लिवा कटात.”

“तुमी तं आपल्या घरच्या आहा, नानीबाई.”

“अन् जानराव काय परदेसातून आला का?”

रूपलाने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी ‘एकमताने’ असं लिहिलं. कागद देखणा दिसतो. त्या ओट्यावर कोणी बसू नये, हा निकाल. वस्ती आज्ञाधारक. अजून कोणी बसलेलं नाही.

४. गेल्या साली रद्दीत महायुद्धानंतरच्या खटल्यांचं जाड पुस्तक मिळालं. गुन्हे असे की वाचताना ताट बाजूला सारलं. तरी जर्मनीतल्या खटल्यात न्यायाधीश ‘कट’ या आरोपावरून आपसात वाद घालत राहिले. फ्रान्सचे म्हणाले, असा वेगळा गुन्हा आमच्या कायद्यात नाही. शेवटी तो आरोप छाटून आक्रमक युद्धाच्या ठोस बेतापुरता ठेवला. जपानच्या खटल्यात बहुमताने कट मानला, पण आपल्या भारतीय न्यायाधीशांनी मानला नाही, आणि त्यांचा विरोध शेकडो पानं भरून नोंदला गेला. लाखो मेलेल्यांचा न्याय करताना त्यांना एवढा विचार करावा लागला. एका गंजीसाठी मला एक दुपार पुरली, आणि नानीबाईंच्या विरोधाला मी एक ओळही दिली नाही.

५. सबब तो निकाल मी मागे घेतो. तो एकमताने नव्हता. पुस्तक भागवतला, कोणी पंच म्हणून बोलावलं तर आधी वाचावं.

६. जानरावांना मी काहीही देत नाही. ज्याला मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत, आणि मला त्यांचीच साक्ष हवी. परवा विचारायला गेलो, ओट्याखाली उभा राहिलो. ते म्हणाले, “तवा कागद केला तं मले इचारलं नाई. आता कायले इचारता?” चहाही त्यांनी विचारला नाही, तेही बरोबरच.

ठिकाण: किन्हीराजा. दिनांक: १२ जानेवारी २०२५.
सही: दौलतराव यशवंत गोटे

साक्षीदार १: नानीबाई (सही केली, म्हणाल्या, “सोळा वर्सं लावले.”)
साक्षीदार २: जानराव ____________

जानराव, ही सही मी जिवंत असेपर्यंतच चालते. बोलायचं नसेल तर बोलू नका. करता की नाही, एवढं चिठ्ठीवर लिहून लवकर कळवा.