भारतच्या खिशातली माझी तब्येत

५ जानेवारी, सोमवार
संकल्प: रोज पहाटे गोदापार्कवर पळणे. कॉलेजने सगळ्यांना वेलनेसचं ॲप घ्यायला लावलंय. जेवढं चालाल तेवढं मन निरोगी, म्हणे. आमच्या काउन्सेलर स्नेहा मॅडम म्हणाल्या, तुझे विषय राहिलेत, जेवण सुटलंय, दर बुधवारी येऊन बोलत जा. मला काही झालेलं नाही, नुसती झोप येते. तरी हो म्हटलं. त्यांना वाईट वाटायला नको.

७ जानेवारी
थंडी. या हवेत पळणारा मूर्ख. रूममेट भारत पळायला गेला. कळवणचा आहे, पोलीस भरतीसाठी पळतो. मॅडमकडे पुढच्या बुधवारी.

१० जानेवारी
ॲपवर माझ्या नावापुढे लाल ठिपका. सगळ्या वर्गाला दिसतो! भारतला माझा मोबाईल दिला, म्हटलं पळताना खिशात ठेव. म्हणे, "मोबाईल कशाला, तूच चल ना. लय बरं वाटतं." फुकटचे सल्ले.

१४ जानेवारी
संक्रांत. सटाण्याला गेलो नाही. आईला सांगितलं, अभ्यास आहे. भारतने तिळगूळ दिला. उशाशी ठेवलाय.

२२ जानेवारी
हिरवा ठिपका! वर्गात पहिला! व्यायामाने माणूस बदलतो, हे खरं. आंघोळ उद्या.

३० जानेवारी
दुपारी रडू आलं. मेसमध्ये कांदा चिरत असतील. मी मेसला गेलो नव्हतो, पण वारा असतो. तिळगुळाला मुंग्या लागल्या.

३ फेब्रुवारी
उद्या मॅडमना सगळं सांगणार. मोबाईलचं, रडण्याचं, सकाळी उठावंसंच वाटत नाही त्याचं. दाढी केली. भीती वाटतेय.

४ फेब्रुवारी
मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, तू येईनास तेव्हा काळजी वाटली होती, मग ॲप पाहिलं. कॉलेजात सगळ्यात जास्त तूच सुधारलास! माझा बुधवार दुसऱ्या मुलाला दिलाय, बाहेर रांग आहे. शुक्रवारी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे मी बोलायचं. विषय: पळालो आणि सावरलो.
थँक्यू मॅडम म्हणालो. निघताना रांगेतल्या पहिल्या मुलासाठी दार धरलं.

६ फेब्रुवारी
बोललो. उत्तम बोललो. एक मुलगा नंतर जवळ येऊन विचारत होता, खरंच बरं वाटतं का? म्हटलं, लय.

९ फेब्रुवारी
भारत भरतीला गेला. मोबाईल माझ्याच हातात. ठिपका लाल. संध्याकाळी ॲपचा मेसेज आला: आज कसं वाटतंय?
दिवसभरात तेवढंच कोणी विचारलं. हसरा चेहरा दाबला आणि पांघरूण ओढलं.