‘अहो’ म्हणायला कोणी नाही

बोईसर, १२ जानेवारी १९६७

ती. दादा,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. खानावळही चालली आहे, तारापूरच्या कामावरची माणसं वेळेवर जेवायला येतात. माईच्या गुडघ्याला आराम पडला का?

जेवायला येणाऱ्या एका इंजिनियरनं भाषेवरचं पुस्तक वाचायला दिलं. त्यात एका परदेशी तत्त्वज्ञाचं म्हणणं समजावलं आहे. शब्दाचा अर्थ मनात जपून ठेवलेला नसतो. माणसं तो शब्द एकमेकांशी बोलताना कसा वापरतात, त्यातच अर्थ असतो. आमचे हे गेल्यावर तुम्ही लिहिलं होतंत, ‘नरहरी तुझ्या मनात आहे.’ त्याला आधार मिळेल म्हणून मी वाचायला बसले होते.

काल भाकरी थापताना सवयीनं ‘अहो’ म्हणाले. दांडी गावची तानी कोळीण मासळी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “बाय, कोनाला हाक मारते? घरात तर कोन नाय.”

लग्न झाल्यापासून मी त्यांचं नाव घेतलं नाही. ती गेल्यावर एकटीनं ‘नरहरी’ म्हणून पाहिलं, तर कुणा परक्याचं वाटलं. माझा नवरा ‘अहो’मध्येच होता, आणि तो शब्द आता कुणाला म्हणू?

मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही हल्ली पत्रांत त्यांचा विषय टाळता. टाळू नका. तुम्ही त्यांना नावानं हाक मारायचात. घरात बोलताना ते नाव घेत जा, दादा. माझ्याकडून ते होणार नाही.

तुमची धाकटी,
अंबू