गळ्यावरचा पट्टा

तांडापेठ, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

गोपिकाताई,

कौशल्या तुमच्या पाया पडते. गुडघे कसे आहेत? तेल लावता की बाटली तशीच आहे? इकडे मी बरी आहे. थंडी अजून म्हणावी तशी पडली नाही.

पियूष येऊन गेला. "मामी, मागची खोली रंगवली. आई म्हणते, आता एकटी राहू नको, सामान बांध अन् खाप्याले चाल," असं म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पोरगा तोंड एवढंसं करून गेला. त्याचं उत्तर याच पत्रात आहे, पण आधी दुसरी गोष्ट सांगायची आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या पॉवरलूमवर इंजिनिअरिंग कॉलेजची एक मुलगी आली, अदिती. तिच्याजवळ गळ्याला बांधायचा पट्टा होता. त्यात रुपयाएवढ्या दोन चकत्या, कातडीला चिकटून बसणाऱ्या. साधा माईक हवेतला आवाज घेतो, हा कातडीखालची थरथर घेतो. त्यामुळे बारा माग चालू असले तरी त्यातून फक्त माणूस ऐकू येतो. वर कोण बोलतंय तेही तिच्या लॅपटॉपला जोडलेलं हे यंत्र ओळखतं.

आमचे मालक रुपरावजी म्हणाले, "आमच्या घरच्या बाईचा आवाज मी दोन गल्ल्या दुरून ओळखतो, मले तं कोनी लॅपटॉप नाही देऊन राहिलं!" सगळ्या बाया हसल्या. पट्टा बांधायला मात्र मी एकटीच पुढे झाले.

तुम्ही लग्नाआधी इथेच सुताच्या कांड्या भरल्या आहेत. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी बोलले, मग अदितीने तेच रेकॉर्डिंग माझ्या कानाला लावलं. ताई, माग नव्हते! मागांचा खडखडाट कुठेच नव्हता. माझा आवाज, माझा श्वास, थुंकी गिळलेली, तेवढंच. तीस वर्षं त्या जागी बसले, आणि तिथला माझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी वाचनालयातून ताऱ्यांची पुस्तकं आणते म्हणून तुम्ही हसता. एवढ्या लांबचा उजेड आपल्यापर्यंत येतो हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. तसंच त्या दिवशी झालं.

मग ओळखीची परीक्षा, आधी भरलेल्या माझ्या आवाजाशी नवा आवाज जुळतो का ती. नाव सांगितलं, कौशल्या चंद्रभान, आणि पडद्यावर हिरवी खूण आली, म्हणजे बाई तीच. छापलेली वाक्यं वाचली, वांग्यांची, पावसाची. हिरवीच. मग अदिती म्हणाली, "काकू, आता तुमच्या आयुष्यातली एखादी गोष्ट सांगा. दोन मिनिटं." मी ह्यांचं जाणं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसंच: हे मागावर होते, मी चहा आणायला गेले होते, परत आले तर सगळं संपलं होतं.

खूण लाल झाली. ही ती बाई नाही, असं यंत्र म्हणत होतं.

मी विचारलं, "काहून वं? मीच तं बोलून राहिली."

ती म्हणाली, "काकू, ताण आला की गळा आवळतो, आवाज बदलतो, मग मशीन चुकते. तेच आम्ही शिकून राहिलो." तिने दोन रेघा दाखवल्या. साध्या माईकची रेघ संथ होती. गळ्याची रेघ 'चहा आणायला गेले होते' इथपासून थरथरत गेली होती. "बाहेरून तुम्ही एकदम शांत वाटता," ती म्हणाली. मी घाबरले, विचारलं, "खरं-खोटं कळते का याले?" "नाही काकू, ते नाही कळत. फक्त ताण."

मी चहाला गेले नव्हते, ताई.

मी माझ्या जागेवरच होते, ह्यांच्यापासून दहा हातांवर. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यावर हात ठेवला. आपल्याकडे मागांच्या खडखडाटात खुणेनेच बोलतात, गळ्यावर हात म्हणजे पाणी पाहिजे. ओठ हलले. मी पंजा दाखवला, थांबा. माझ्या दोन कांड्या राहिल्या होत्या, त्या भरल्या. दोन कांड्यांना किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. पाणी घेऊन गेले तेव्हा हे मागाला टेकून खाली बसले होते आणि माग चालूच होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही विचारलंत आणि तोंडातून चहा निघाला. तुम्ही मला पोटाशी धरलंत. तेराव्याला बाया कुजबुजल्या तेव्हा माझ्यासाठी तुम्ही भांडलात, "कौशल्या तं नोयतीच तिथं!" त्यानंतर मला तोंड उघडता आलं नाही.

ते ओठ पाणीच म्हणत होते की माझं नाव घेत होते, हे मी सहा वर्षं रोज स्वतःला विचारते. तो आवाज त्यांच्या हाताखाली होता, ताई. पट्टा तिथेच बसतो. तेव्हा असता, तर काय म्हणत होते ते तरी कळलं असतं. अदितीला मी यातलं काही बोलले नाही. मुलगी चांगली आहे. पण आधी तुमचा हक्क.

फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर माझा आवाज शांत येतो आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवता.

सामान बांधलेलं नाही. तुम्ही वाढवलेला भाऊ होता तो, तेव्हा त्या खोलीचं तुम्हीच ठरवा. पियूषकडे निरोप देऊ नका, त्याला काही ठाऊक नाही. शिव्या द्यायच्या असतील तर तुम्हीच फोन करा. कितीही वेळ बोला, मी मध्ये ठेवणार नाही.

तुमच्या भावाची बायको,
कौशल्या